वीस सेकंद मागे

"अजून काळंच आहे," इंद्रजित म्हणाला.

मी वाकून टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर हिरवंगार मैदान होतं, दोन्ही संघ रांगेत उभे होते. लॅपटॉपवर मात्र त्याच चित्राच्या जागी काळा चौकोन.

"वायर उलटी लागली नाही ना?"

"आत येणारी इकडं, बाहेर जाणारी तिकडं. चारदा बघितलं अक्का."

सोमवार होता. कोल्हापुरात उद्यमनगराला सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे खालचं शेड बंद होतं. आमचं घर शेडच्या डोक्यावरच. खाली पत्र्याचे भाग दाबून काढायचे प्रेस, वर तीन खोल्या. इतर वारी प्रेस चालू असला की स्वयंपाकघरातले पेले फळीवर थरथरत राहायचे. सोमवारी ते गप्प असायचे आणि त्या शांततेची आम्हा कुणालाच सवय नव्हती.

मी मांडीवर मोबाईल ठेवून माहिती वाचत होते. कन्सोलमधून, म्हणजे व्हिडिओ गेमच्या मशीनमधून, निघालेलं चित्र आधी काडेपेटीएवढ्या एका डबीत जातं, डबीतून एक वायर टीव्हीला आणि दुसरी लॅपटॉपला. त्या डबीला कॅप्चर कार्ड म्हणतात, हे मला पंधरा दिवसांपूर्वी माहीत नव्हतं. आता मला बिटरेट म्हणजे काय तेही माहीत होतं, आपलं नेट एका सेकंदात किती चित्र वर ढकलू शकतं तेही, आणि वायफायच्या भरवशावर न राहता जाड वायर थेट राउटरपासून ओढावी हेसुद्धा. ती वायर मीच जिन्याच्या कडेनं खिळे मारून वर आणली होती.

लोकांना वाटायचं, मी भावासाठी किती धडपडते. तसं काही नव्हतं. त्या दिवसांत मला काही वाटायचंच नाही. भूक लागायची नाही, राग यायचा नाही, झोप यायची तेवढी. म्हणून ही असली किचकट माहिती मी ओळीनं वाचू शकायचे.

"कॉपी प्रोटेक्शन," मी म्हटलं. "कन्सोलच्या सेटिंगमध्ये असेल बघ. ते चालू असलं की चित्र चोरून नेता येऊ नये म्हणून काळं दाखवतात. बंद कर."

त्यानं डाव्या अंगठ्यानं मेनू उघडला. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी. टीव्ही एकदा विझला, परत लागला, आणि लॅपटॉपवरच्या काळ्या चौकोनात मैदान उगवलं.

"आलं," इंद्रजित म्हणाला. तो हसला नाही, पण खांदे सैल सोडून मागे टेकला.

तो तेव्हा बावीस वर्षांचा होता, मी एकोणतीस. दीड वर्षापूर्वीपर्यंत तो पेठेच्या संघातून डाव्या बगलेला खेळायचा. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय असतो ते बाहेरच्याला सांगून समजत नाही. सामन्याच्या दिवशी माणसं दुकानं बंद करून मैदानावर जातात. त्याचे पाय अजून तसेच होते. पण उजवा हात मनगटापासून गेला, आणि तेव्हापासून तो मैदानाकडे फिरकला नव्हता. मित्र आधी यायचे, मग फोन करायचे, मग तेही थांबलं. कन्सोल आणि त्यावर खेळायचा फुटबॉल मी आणला. कंट्रोलर धरायला त्यानं स्वतःच पत्र्याचं स्टँड वाकवून घेतलं, डाव्या हातानं चालवायची बटणं बदलून घेतली आणि उजव्या मनगटाच्या टोकानं दाबता येतील अशी दोन मोठी बटणं बाजूला बसवली. तीन महिन्यांत तो त्या खेळात असा तयार झाला की समोरची पोरं दोन्ही हातांनी खेळून हरायची.

"हे नेटवरून लोकांना दाखवायला पाहिजे," मीच एकदा म्हटलं होतं. बोलताना मला उत्साह वाटत नव्हता. पण बोलले, आणि त्यानं ते धरलं.

अण्णांना, म्हणजे आमच्या वडलांना, हे सगळं पसंत नव्हतं. कारण घरात एक गोष्ट ठरून गेली होती: इंद्रजितचा हात मोबाईलच्या नादात गेला. त्या दिवशी त्याचा फोन प्रेसखाली सापडला होता, काच फुटलेला. आल्यागेल्याला अण्णा तेच सांगायचे. "मॅच बघत होता. नजर मशीनवर पाहिजे का मोबाईलवर?" पाहुणे मान हलवायचे. इंद्रजित तिथंच बसलेला असायचा. त्यानं कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

चित्र आलं, पण आवाज जुळत नव्हता. कॅमेऱ्यात त्याचे ओठ हलायचे आणि शब्द आधीच येऊन गेलेले असायचे. मी मोबाईलवर पुढची ओळ वाचली.

"कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी—" असं म्हणून मी थांबले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात पंजा उघडून माझ्यापुढं धरला.

"मार," तो म्हणाला.

मी माझा हात त्याच्या पंजावर आपटला. चित्रात हात जुळला तो क्षण आणि आवाजाची रेघ उंच झाली तो क्षण, यांच्यात थोडंसं अंतर होतं. ते मी मोजून भरून काढलं. त्याला चार वेळा हात पुढं करावा लागला. चौथ्यांदा जुळलं.

"आणि एक," तो म्हणाला. "प्रक्षेपण वीस सेकंद उशिरा जाईल असं कर. तशी सोय असते त्यात."

"कशाला?"

"आई म्हणाली, अण्णा पण बघणार आहेत. गोल हुकला की माझ्या तोंडातून काय जातं तुला माहीत आहे. तू लॅपटॉपवर बस. शिवी गेली की बंद करून टाक. नेट गेलं म्हणायचं, परत चालू करायचं."

मी ती सोय शोधून वीस सेकंद लावले. थांबवायचं बटण दाबलं की दोन पर्याय यायचे: मधलं वीस सेकंदांचं पाठवून थांबवा, किंवा टाकून देऊन थांबवा. दुसरा दाबला की ते वीस सेकंद कुणापर्यंत पोचतच नव्हते. आम्ही दोनदा करून पाहिलं. इंद्रजितनं एक शिवी दिली, मी बटण दाबलं, आणि माझ्या मोबाईलवर ती आलीच नाही.

"झकास," तो म्हणाला.

पुढच्या सोमवारी दुपारी तीनला आम्ही सुरू केलं. त्याच्या जुन्या संघातल्या पोरांनी एकमेकांना कळवलं असावं. पाच मिनिटांत साठ-सत्तर माणसं जमली. अण्णा खाली शेडमध्ये मशिनींना ग्रीस भरत होते आणि फोन बाकावर टेकवून ठेवला होता. आई स्वयंपाकघरात. इंद्रजित टीव्हीकडे तोंड करून बसला होता, कॅमेरा त्याच्या समोर, मी त्याच्या मागे भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप, कानावर हेडफोन. लोक काय लिहितात ते वाचून दाखवायचं काम माझं, कारण त्याचा एकुलता हात खेळण्यात गुंतलेला.

"इंद्या, नाद खुळा," मी वाचलं.

"कोण?"

"सुरज वडगावकर."

"सुरज्या, तुझ्यापेक्षा माझा हा खोटा गोलकीपर बरा," इंद्रजित म्हणाला, आणि त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. दीड वर्षात तो असा बोललाच नव्हता. त्याला बोलताना ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी पुढची ओळ वाचली.

"भावा, एका हातानं कसं जमवतोस."

"सराव. दुसरं काय."

पहिला अर्धा सामना असाच गेला. तो एका गोलनं पुढं होता. पंचानं एक पेनल्टी दिली नाही तेव्हा तो म्हणाला, "रेफ्री चष्मा घरी विसरलाय," आणि खाली शेडमधून, वीस सेकंदांनी, अण्णांच्या हसण्याचा बारीकसा आवाज आला. मी तो ऐकला. इंद्रजितनंही ऐकला असावा, कारण तो जरा ताठ बसला.

मध्यंतर झालं. त्यानं कंट्रोलर सोडून बोटं मोकळी केली.

"वाच की," तो म्हणाला.

मी वाचत गेले. कुणी पत्ता विचारला, कुणी पुढच्या सामन्याचं विचारलं. मग एक ओळ आली. नाव मला माहीत नसलेलं.

"दादा, तुमचा हात कसा गेला?" मी वाचलं.

खोलीत पंख्याचा आवाज होता. इंद्रजितनं मागे वळून पाहिलं नाही. कॅमेऱ्याकडे बघत तो म्हणाला, "प्रेसमध्ये गेला. खाली आमचंच शेड आहे." थोडं थांबून म्हणाला, "सगळ्यांना वाटतं मी मोबाईल बघत होतो. मोबाईल माझ्या खिशात होता. मी खाली कोसळलो तेव्हा पडला. प्रेसला पुढं सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन थांबतं. त्या दिवशी सेन्सर—"

मी बटण दाबलं. टाकून देऊन थांबवा.

मी काय केलं होतं ते आता सांगायला हवं.

त्या दिवशी आमच्याकडे एक ऑर्डर संध्याकाळपर्यंत द्यायची होती. अण्णा तयार झालेला पहिला माल घेऊन गोकुळ शिरगावला गेले होते, दोन्ही कामगार त्यांच्याबरोबर. शेडमध्ये मी एकटी प्रेसवर होते. सेन्सरवर तेल उडायचं आणि तो उगीचच मशीन थांबवायचा. दर पाच-सात नगांना थांबवायचा. पुसलं तरी परत. बाराच्या सुमाराला मी पॅनेल उघडून एका लहानशा वायरनं दोन टोकं जोडून टाकली. आता सेन्सरला काही दिसो न दिसो, मशीन थांबणार नव्हतं. जेवायच्या आधी काढायची, असं ठरवलं होतं. एक वाजता इंद्रजित कॉलेजातून आला, म्हणाला, "तू जेवून ये, मी बसतो." मी वर गेले. मी त्याला सांगितलं नाही. मुद्दाम नाही, आमटी गरम करायची आहे एवढंच डोक्यात होतं. अडकलेला तुकडा काढायला त्यानं हात आत घातला. सेन्सर आहे या भरवशावर घातला. पाय पेडलवर होता, तो दाबला गेला.

दोन दिवसांनी मी पॅनेल उघडलं तेव्हा ती वायर तिथं नव्हती. मीच काढली असेल, असं मी ठरवून टाकलं. त्यानंतर मला काही वाटायचं थांबलं.

आणि आता लॅपटॉपवर प्रक्षेपण बंद होतं, आणि इंद्रजितला ते माहीत नव्हतं. तो कॅमेऱ्याकडे बघून बोलत राहिला. माझ्या कानात, हेडफोनमधून, त्याचा श्वाससुद्धा येत होता.

"सेन्सर बंद होता. दिवा लागला नव्हता, ते माझ्या लक्षात हात आत गेल्यावर आलं. कुणी बंद केला मला माहीत आहे. मी नाव सांगणार नाही. विचारू नका. त्या माणसानं मुद्दाम केलेलं नाही, आणि तो माणूस तेव्हापासून नीट जेवलेला नाही. मला फक्त एवढंच सांगायचं होतं की मी मोबाईल बघत नव्हतो. मी काम करत होतो. माझे वडील पण बघतायत, म्हणून सांगितलं."

तो थांबला. स्क्रीनवर ओळी येत होत्या. बंद पडलं. आवाज गेला. भावा, नेट बघ. त्यातली एकही मी वाचली नाही.

"अक्का, कोण काय म्हणतंय?"

तेवढ्यात खालून अण्णांचा आवाज आला. "अरे बंद पडलं. चष्मा घरी विसरलाय म्हणाला, आणखी दोन-चार बोलला, आणि गेलं ते."

इंद्रजित वळला. आधी माझ्याकडे, मग लॅपटॉपकडे. पत्र्याच्या स्टँडवरून त्याचा हात खाली आला.

"कधी बंद केलंस?"

"सेन्सर म्हणालास तेव्हा."

त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत राहिला. एखादा माणूस बसची वाट बघून थकतो आणि मग चालायला लागतो, तसं काहीसं त्याच्या तोंडावर होतं.

"मी नाव घेणार नव्हतो," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

जिन्यावर अण्णांच्या चपला वाजल्या. ते दारात आले, हाताला ग्रीस, एका हातात फोन. "काय झालं? चांगलं चाललं होतं की."

आजही मला सांगता येत नाही की तेव्हा मी का बोलले. धीर आला असं नव्हतं. मनातही आधी काही जुळवलं नव्हतं. "नेट गेलं" हे दोन शब्द तोंडात तयार होते, आणि त्यांच्याऐवजी दुसरेच बाहेर पडले.

"अण्णा, त्या दिवशी सेन्सर मी बंद केला होता. वायर टाकून. त्याला सांगितलं नाही आणि जेवायला आले. तो मोबाईल बघत नव्हता."

अण्णांनी फोन खिशात ठेवला. मग परत बाहेर काढला, ग्रीस लागलं म्हणून सदऱ्याला पुसला. मला वाटलं, ते मारतील. त्यांनी आम्हाला कधी मारलं नव्हतं, तरी वाटलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"वायर मीच काढली. दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी तपासायला माणूस येणार होता." ते माझ्याकडे बघत नव्हते, टीव्हीवर थांबलेल्या सामन्याकडे बघत होते. "तुझं नाव गेलं असतं वर. शेडला टाळं लागलं असतं. एकाचा हात गेला होता, दुसरी कोर्टात जाणार होती. फोन खाली पडलेला दिसला. मग म्हटलं, मोबाईल."

पंखा फिरत होता.

मग इंद्रजितनं विचारलं, अगदी हळू, "तपासणी तर एका दिवसात झाली अण्णा. नंतर दीड वर्ष का बोलत राहिलात?"

अण्णा दाराच्या चौकटीला टेकले. साठीला आलेला माणूस, पण त्या क्षणी ते मला खूप म्हातारे दिसले. "पहिल्यांदा लोकांना सांगायला म्हणून बोललो," ते म्हणाले. "मग परत कुणी विचारायचं, परत बोलायचो. बोलता बोलता मलाच ते खरं वाटाय लागलं. खरं असतं तर बरं झालं असतं असं वाटायचं. म्हणून."

"माझ्यासमोर बोलायचात."

"हो."

"मी काही म्हणायचो नाही."

"तू काही म्हणत नाहीस म्हणून मला आणखी बोलावंसं वाटायचं," अण्णा म्हणाले. "तू एकदा जरी नाही म्हणाला असतास..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. ते पुरं करण्यासारखं नव्हतं, हे त्यांनाही कळलं असावं.

इंद्रजित परत टीव्हीकडे वळून बसला. आम्हाला दोघांनाही आता त्याची पाठच दिसत होती. उजवं मनगट मांडीवर होतं, आणि ते तो डाव्या हातानं चोळत होता.

"अक्का, चालू कर," तो म्हणाला.

"अण्णा आत आहेत."

"असू देत."

मी प्रक्षेपण सुरू केलं. लोक परत येऊ लागले, वीस, तीस, पन्नास. त्यानं कॅमेरा नीट केला.

"नेट गेलं होतं," तो म्हणाला. "एक प्रश्न राहिला. हात कसा गेला विचारलं होतं. प्रेसमध्ये गेला. माझ्या हातात मोबाईल नव्हता. चूक माझी नव्हती. चला, दुसरा हाफ."

आणि तो खेळायला लागला. माझं बोट बटणापासून लांब होतं. मी मोजत नव्हते, पण बरोबर वेळेला स्वयंपाकघरातून, आईच्या फोनमधून, त्याचा आवाज परत आला: चूक माझी नव्हती. अण्णांनी तो दुसऱ्यांदा ऐकला आणि ते जिना उतरून खाली गेले.

आई उठून आली. दारात उभी राहून तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं. रात्री जेवताना तिनं अण्णांचं ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि आठ दिवस त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. तिला कुणी काय सांगितलं, किती सांगितलं, मला अजून माहीत नाही. माझ्याशी मात्र ती पहिल्यासारखीच बोलत राहिली, आणि ते मला जड जायचं.

अण्णा त्यानंतर मोबाईलचं कधी बोलले नाहीत. त्याबद्दल दुसरंही काही बोलले नाहीत. एकदा एक पाहुणे विचारायला लागले तेव्हा अण्णा म्हणाले, "मशीनमध्ये बिघाड होता," आणि चहा आणायला स्वतः उठले.

इंद्रजित दर सोमवारी खेळत राहिला. जुने मित्र वर यायला लागले, खोलीत चपलांचा ढीग पडायला लागला. मी मागे बसून वाचून दाखवायचे. तो माझ्याशी नीट वागायचा. कमी बोलायचा, पण नीट. पाच महिन्यांनी पुण्याच्या एका कंपनीनं त्याला बोलावलं. ते अशा खेळांच्या स्पर्धा भरवायचे आणि त्यांना प्रक्षेपण लावणारा आणि समालोचन करणारा माणूस हवा होता. जाताना कॅमेरा, माइक, डबी, सगळ्या वायरी मी गुंडाळून त्याच्या पिशवीत भरल्या.

एसटी स्टँडवर त्याला सोडायला मी एकटीच गेले. अण्णा प्रेसवर होते आणि आईचे गुडघे दुखत होते. गाडी लागलेली होती. तो चढला, खिडकीशी बसला, आणि मी खाली उभी राहिले. पाण्याची बाटली घेतलीस का, विचारलं. घेतली, म्हणाला.

मग तो म्हणाला, "अक्का, तू बंद केलंस त्याचं मला वाईट वाटलं होतं. अजून वाटतं."

"हं."

"पण प्रश्न तू वाचलास."

"वाचता वाचता वाचला गेला."

"नाही," तो म्हणाला. "तू वाचतेस कशी मला माहीत आहे. एका दमात. तिथं तू थांबली होतीस. मी पाठमोरा होतो, पण ऐकलं मी. गाळता आला असता तुला, मला कळलं पण नसतं. थांबलीस, आणि वाचलास."

मला ते आठवत नव्हतं. खरोखरच नव्हतं. मी तसं म्हणणार होते, पण कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी मागे यायला लागली. इंद्रजितनं डावा हात बाहेर काढून हलवला आणि गाडी वळली.

मी तिथंच उभी राहिले. त्या फलाटावर मिरजेची गाडी लागली, माणसं चढली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "जायचंय काय बाळ? जागा आहे आत."

"नाही," मी म्हटलं, "मी भावाला सोडायला—" आणि एवढं साधं वाक्य मला पुरं करता येईना. ते गृहस्थ चढता चढता थांबले, खाली उतरले आणि त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी धरून मला बाकड्यावर बसवलं. त्यांची गाडी निघून गेली तरी ते शेजारी बसून होते.